मुक्या जीवाची अखेर : जीवदयेच्या परंपरेतील एक दुर्लक्षित कर्तव्य

पद्मरुची नावाचा एक श्रावक श्रेष्ठी वाटेने चालला असता त्याला एक जराजर्जर बैल भुईवर पडून अखेरच्या घटका मोजत असलेला दिसला. श्रेष्ठी त्या मुक्या जनावराजवळ बसला आणि त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणू लागला. मंत्र ऐकता ऐकताच बैलाने प्राण सोडले. पुढे तो जीव त्याच नगरीत वृषभध्वज नावाचा राजकुमार म्हणून जन्मास आला. एके दिवशी फिरत फिरत त्या जागी येताच राजकुमाराला पूर्वभवाचे स्मरण झाले. त्याने तेथे जिनमंदिर उभारले आणि मरणोन्मुख बैलाच्या कानात मंत्र सांगणाऱ्या पुरुषाचे चित्र लावविले. ते चित्र पाहून जो थबकेल तोच आपला उपकारकर्ता, ही त्याची खूण होती. पद्मरुची दर्शनास आला, चित्रासमोर थबकला आणि दोघांची ओळख पटली. आचार्य रविषेणांनी सातव्या शतकात रचलेल्या पद्मपुराणात ही कथा आली आहे. पुढील भवांत पद्मरुचीचा जीव राम झाला आणि बैलाचा जीव सुग्रीव झाला, असे पुराणकार सांगतात.

या कथेत मरणाऱ्या जनावराचे स्मारक आहे, पण ते त्याच्या कलेवरावर उभारलेले नाही. ते त्याच्या कानात पडलेल्या शब्दांचे स्मारक आहे. जैन परंपरेने मुक्या जीवाच्या अखेरीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचे मर्म या एका चित्रात सामावले आहे. आज घराघरांतून कुत्री, मांजरे, पक्षी कुटुंबीयांप्रमाणे वाढविले जातात. त्यांचे आयुष्य मनुष्यापेक्षा अल्प असल्याने त्यांची अखेर पालकाला बहुधा पाहावीच लागते. त्या वेळी काय करावे, याचा विचार मात्र क्वचितच अगोदर केलेला असतो. जीवदयेच्या इतिहासात या प्रश्नाला कशी कशी उत्तरे मिळाली, हे म्हणूनच पाहण्याजोगे आहे.

तिर्यंच गतीचा मान

पद्मरुचीची कथा एकटी नाही. वादीभसिंहांच्या क्षत्रचूडामणीत जीवंधरकुमार मार खाऊन मरणपंथास लागलेल्या एका कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवितो. तो श्वान मरून सुदर्शन नावाचा यक्ष होतो आणि पुढे संकटसमयी जीवंधराला साहाय्य करतो. चारुदत्ताच्या कथेत हाच उपकार एका बोकडावर होतो. भगवान पार्श्वनाथांचा जीव पूर्वी हत्तीच्या पर्यायात असता त्याने व्रते स्वीकारली होती. भगवान महावीरांचा जीव सिंहाच्या पर्यायात असता चारणमुनींच्या उपदेशाने त्याने हिंसा सोडली आणि आहाराचा त्याग करून शांतपणे देह ठेवला, असे उत्तरपुराण सांगते.

या कथांमागे एक निश्चित तत्त्व आहे. संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच जीव उपदेश ग्रहण करू शकतो, व्रत पाळू शकतो आणि समाधानाने मरू शकतो. जनावराला मन नाही, म्हणून त्याच्या मरणाला अर्थ नाही, ही समजूत जैन आगमांना मान्य नाही. त्यामुळे पाळीव प्राण्याच्या अखेरीची तयारी म्हणजे प्रथम त्याच्या अखेरच्या काळाची तयारी. त्याला वेदना कमी व्हाव्यात, भय वाटू नये, ओळखीचा हात अंगावर असावा आणि कानावर मंगल शब्द पडावेत.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत तेही येथे आठवावेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आश्रयाला असलेल्या जीवाशी मालकाने कसे वागू नये, याचीच ही यादी आहे. प्राणी म्हातारा झाला, आंधळा झाला, घरात घाण करू लागला, म्हणून त्याला दूर नेऊन सोडून देणे हे या पाचांपैकी शेवटच्या अतिचाराहून फारसे वेगळे नाही. सोडलेला प्राणी अन्नपाण्यावाचूनच मरतो.

देहाचा प्रश्न

जीव निघून गेल्यावर देहाचे काय? सिद्धांत सांगतो की आयुकर्म संपताच जीव अत्यल्प काळात दुसऱ्या गतीला जातो. मागे राहिलेल्या देहाच्या संस्काराने त्याचे पुढचे कल्याण वा अकल्याण होत नाही. म्हणूनच जैन धर्मात श्राद्ध व पिंडदान यांना स्थान नाही. मात्र मृत मांसात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होत राहते, हेही तोच सिद्धांत सांगतो. देह जितका वेळ पडून राहील तितकी हिंसा वाढते. देह पुरावा तर पृथ्वीकाय व भूमीतील त्रस जीवांची विराधना होते, जाळावा तर अग्निकायाची. गृहस्थाला पूर्ण निर्दोष मार्ग येथे उपलब्ध नाही. त्याच्या हाती विवेक आणि विलंब टाळणे एवढेच आहे. ज्या कार्यात विलंब हाच दोष आहे, त्याचा निर्णय अगोदर झालेला असला पाहिजे, हे ओघानेच येते.

राज्यव्यवस्थेनेही हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरात मृत प्राणी टाकणाऱ्यास दंड सांगितला आहे. मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप यांचे कलेवर टाकल्यास तीन पण, गाढव, उंट यांसारख्या मोठ्या जनावराचे टाकल्यास सहा पण आणि मनुष्याचे प्रेत टाकल्यास पन्नास पण. ज्या चंद्रगुप्त मौर्याशी या ग्रंथाचे नाव परंपरेने जोडले जाते, त्याच सम्राटाने श्रवणबेळगोळ येथे सल्लेखना घेतली, असे जैन परंपरा मानते. नगराची स्वच्छता आणि आत्म्याची समाधी या दोन्ही गोष्टी अशा एकाच नावाभोवती गुंफल्या गेल्या आहेत.

आतकूरची शिळा

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्यास उभारलेली एक शिळा मिळाली. ती आता बंगळुरूच्या शासकीय संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि गंग राजा दुसरा बुतुग यांच्या काळातील हा लेख आहे. तक्कोलमच्या युद्धातील पराक्रमाबद्दल मणलेर नावाच्या वीराला बुतुगाने त्याच्या मागणीवरून ‘काळी’ नावाचा शिकारी श्वान दिला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि ते डुक्कर दोघेही मेले. श्वानाच्या स्मरणार्थ मंदिरासमोर शिळा उभारण्यात आली, तिच्यासाठी जमीन लावून देण्यात आली आणि शिळेची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये, असा निर्बंध कोरण्यात आला.

एका श्वानाच्या स्मृतीसाठी जमिनीची कायम तरतूद करणारा हा लेख प्राणिप्रेमाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. गंग आणि राष्ट्रकूट ही दोन्ही घराणी जैन धर्माची आश्रयदाती होती, म्हणूनही त्याचे मोल आहे. तरीही जैन वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहणार नाही. त्या रानडुकरासाठी कोणी शिळा उभारली नाही. आपल्या प्राण्यावरील प्रेम आणि सर्व प्राण्यांविषयीची दया यांतील अंतर या एका दगडावर स्पष्ट दिसते.

पांजरपोळ : अखेरीची सामुदायिक तरतूद

हे अंतर ओलांडण्याचा प्रयत्न पांजरपोळांनी केला. इ. स. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंबायतला आला होता. तेथे त्याने पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. बरे झालेले रानपक्षी सोडून देण्यात येत आणि माणसाळलेले पक्षी कोणा धर्मशील गृहस्थाच्या स्वाधीन करण्यात येत, असे त्याने नोंदविले आहे. आई नसलेली उंदरांची काही पिल्लेही तेथे होती. पांढऱ्या दाढीचा, चष्मा लावलेला एक वृद्ध त्यांना कापसात ठेवून पिसाने दूध पाजीत होता. परक्या देशाच्या प्रवाशाला हे दृश्य सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, यातच सारे आले.

मुंबईच्या पांजरपोळाची जन्मकथा अधिक खडतर आहे. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा नियम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरातील पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ आणि ७ जून १८३२ रोजी शहरात उद्रेक झाला. प्रारंभ पारशी समाजाने केला आणि दुसऱ्या दिवशी जैन, हिंदू व मुसलमान त्यात सामील झाले. मुंबईतील व्यवहार बंद पडले. या घटनेतूनच दोन वर्षांनी, १८३४ मध्ये मुंबई पांजरपोळ स्थापन झाले. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशहा शेठ यांच्यासारखे पारशी व जैन व्यापारी त्यात अग्रणी होते. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून घेतला आणि त्यातून मुक्या जीवांचा चारापाणी चालू लागला.

पांजरपोळाचा मूळ नियम साधा होता. आत आलेला जीव आयुष्य पूर्ण होईपर्यंत तेथेच राहणार. दूध आटलेली गाय, पाय मोडलेला घोडा, उपयोग संपलेला बैल यांची अखेर कशी होईल, हे समाजाने एकत्र बसून अगोदरच ठरवून टाकले होते. मालकाला ऐनवेळी विचार करावा लागत नसे, कारण तो विचार संस्थेने केलेला होता. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश निवारण संस्था स्थापन झाली आणि परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्याच्या शेजारी १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आश्रयाला आता उपचाराची जोड मिळाली.

ओझे कोणी उचलावयाचे?

या उज्ज्वल इतिहासाची एक बाजू मात्र प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. जनावर जिवंत असेपर्यंतची तरतूद दयावंतांनी केली, पण ते मेल्यावर ओढून नेण्याचे काम महाराष्ट्राच्या गावगाड्यात महार समाजावर जातीने लादलेले होते. दया करणारा एक आणि ओझे वाहणारा दुसरा, अशी ही विभागणी शतकानुशतके चालली. १९२७ च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा आणि ही लादलेली कामे नाकारण्याचा आग्रह धरला, तेव्हा कोठे तिच्यातील अन्याय सर्वांसमोर आला. आपल्या आश्रयाला असलेल्या प्राण्याच्या देहाची जबाबदारी आपलीच आहे, ही गोष्ट म्हणजे केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. माणसाच्या प्रतिष्ठेशीही तिचा संबंध आहे.

मृत देहाविषयीचा निष्काळजीपणा इतर जीवांवर कसा उलटतो, याचे जळजळीत उदाहरण गिधाडांचे आहे. १९९० नंतर भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये पशुवैद्यकातील त्याच्या उत्पादनावर बंदी आली, पण तोवर काही जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती. दुःख हलके करण्यासाठी दिलेले औषध मृत देहातून दुसऱ्या जीवाचा काळ ठरले. औषधोपचार झालेल्या प्राण्याचा देह उघड्यावर टाकणे ही हिंसाच आहे, हा धडा यातून घ्यावयाचा आहे.

शहरातील घर आणि अखेरची घटका

खेड्यात अंगण होते, परसू होते, शेताचा बांध होता. तेथे खड्डा खणून देह पुरता येई. शहरातील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला ती सोय नाही. पाश्चात्त्य देशांना हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच भेडसावू लागला. पॅरिसमध्ये मृत कुत्री उकिरड्यावर किंवा सीन नदीत टाकली जात. १८९८ मध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला. मृत प्राण्याचा देह वस्तीपासून शंभर मीटर दूर, किमान एक मीटर मातीखाली पुरला पाहिजे, असे त्यात ठरले. त्यानंतर १८९९ मध्ये पॅरिसजवळ आन्येर येथे कुत्र्यांसाठी व इतर पाळीव प्राण्यांसाठी दफनभूमी निघाली. आजही ती तेथे आहे.

मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमानेच मृत जनावरे हलविण्याची व्यवस्था करणे हे आयुक्तांचे कर्तव्य ठरविले. आपल्या जागेत प्राणी मेल्यास तीन तासांच्या आत आणि रात्री मेल्यास सूर्योदयानंतर तीन तासांच्या आत पालिकेला कळवावे, असे बंधन जागेत राहणाऱ्यावर घातले. दुःखात बुडालेल्या घराला तीन तास फार थोडे असतात. तरीही पाळीव प्राण्यांच्या सन्मानपूर्वक दहनाची पालिकेची सोय होण्यास पुढे दीर्घ काळ जावा लागला. २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने मालाड येथे वायूवर चालणारी प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली. लाकडांच्या चितेत लाकडाबरोबर असंख्य कीटक जळतात. त्या मानाने अशा भट्टीत हिंसा अल्प होते, हे श्रावकाने ध्यानी घेण्याजोगे आहे.

देहाच्या प्रश्नाहून बिकट प्रश्न त्याच्या आधी येतो. असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या प्राण्याला इंजेक्शन देऊन मुक्त करावे काय? १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एका मरणासन्न वासराला महात्मा गांधींच्या संमतीने असेच मरण देण्यात आले, तेव्हा देशभर वादळ उठले आणि जैन समाजातून तीव्र निषेधाची पत्रे गेली. वेदना पाहवत नाहीत म्हणून मरण देणे ही दया असे एक बाजू म्हणत होती. ज्याचे आयुष्य आपण दिले नाही ते संपविण्याचा अधिकार आपल्याला नाही, वेदना शमविणे व सेवा करणे एवढेच आपले काम, असे दुसरी बाजू म्हणत होती. जैन परंपरेचा कौल दुसऱ्या बाजूस आहे. पण तो कौल पाळावयाचा तर सेवेची सिद्धताही हवी. रात्ररात्र जागणे, जखमा धुणे, कूस पालटून देणे, वेदनाशमनासाठी वैद्य गाठणे, हे सारे करण्याची तयारी नसताना केवळ इंजेक्शनाला नकार देणे म्हणजे प्राण्याला त्याच्या वेदनेसह एकटे सोडणे होय.

अगोदर ठरवावयाच्या गोष्टी

म्हणून प्राणी धडधाकट असतानाच कुटुंबाने एकत्र बसून काही गोष्टी निश्चित कराव्यात. वेदनाशमन आणि अखेरची सेवा यांविषयी पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी घरात मतभेद होत नाहीत. दहन की दफन हे ठरवावे. गावातील पालिकेची व्यवस्था कोठे आहे, तिची वेळ व शुल्क काय, रात्री कोणाला कळवावयाचे, हे लिहून ठेवावे. दफन करावयाचे असल्यास जागा स्वतःची किंवा परवानगीची असावी, विहीर व ओढा यांपासून दूर असावी आणि खड्डा इतका खोल असावा की इतर जनावरे तो उकरणार नाहीत. देहाबरोबर प्लॅस्टिक व कृत्रिम वस्त्र पुरू नये. प्राणी पिसाळून किंवा अन्य संसर्गाने दगावला असल्यास हात न लावता प्रथम वैद्याला कळवावे. देह उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला हातमोजे मिळाले आहेत ना, हे पाहणे आणि त्याच्याशी कृतज्ञतेने बोलणे हादेखील धर्माचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. पालकच आधी गेला तर? वृद्ध, एकाकी श्रावकाच्या घरी त्याच्या मागे उरलेला श्वान किंवा पोपट कोणाकडे जाईल, हे त्याने नात्यातील कोणास सांगून ठेवावे. पूर्वी हे काम पांजरपोळ करीत असे. आज समाजाच्या न्यासांनाही ते करण्याजोगे आहे. प्रत्येक न्यासाला रुग्णालय उभारता येणार नाही. पण पशुवैद्यांची व दहनस्थळांची यादी ठेवणे, अडलेल्या घराला रात्री वाहन मिळवून देणे, अनाथ प्राण्याला घर शोधून देणे एवढे थोड्या कार्यकर्त्यांनाही जमते. प्राण्याच्या स्मरणार्थ दगड बसविण्याची इच्छा असलेल्या कुटुंबाने तेवढीच रक्कम पांजरपोळाच्या चाऱ्यासाठी दिली, तर आतकूरच्या शिळेतून सुटलेल्या रानडुकरालाही त्या स्मृतीत जागा मिळेल.

घरातील लहान मुले पाळीव प्राण्याच्या मृत्यूतूनच बहुधा मृत्यू प्रथम पाहतात. त्या वेळी घरात गोंधळ, वाद आणि लपवालपवी दिसली, तर मृत्यू ही भयाची गोष्ट आहे, असे ती शिकतात. तेच मूल आजीच्या शेजारी बसून त्या प्राण्याच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणताना दिसले, देह शांतपणे व आदराने उचलला गेला आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांनी त्याच्या नावाने चारा पाठविला, तर त्या मुलाला जीवदयेचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. वृषभध्वजाने मंदिरात लावविलेले चित्र हेच होते. ते पुन्हा रेखाटण्यासाठी चित्रकार लागत नाही. वेळ येण्यापूर्वी केलेला थोडा विचार मात्र लागतो.